शिक्षा संघाला, चटका चाहत्यांना

२२ जुलै २०१२, रविवारची सकाळ. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टेट कॉलेज नावाचं एक गाव आहे. तिथल्या फुटबॉल स्टेडियमबाहेर एका वृद्ध प्रशिक्षकाचा सात फुटी ब्राँझचा पुतळा उभा होता. त्या सकाळी कामगारांनी पुतळ्याभोवती निळ्या कापडाचा आडोसा केला आणि पुतळा उचलून नेला. बातमी कळताच जमलेले विद्यार्थी गप्प उभे होते. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी बातमी आली. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचं नियमन करणारी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, थोडक्यात एनसीएए. तिचे अध्यक्ष मार्क एमर्ट यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे ‘पेन स्टेट’च्या फुटबॉल संघाला झालेली शिक्षा जाहीर केली. विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्रात दूरचित्रवाणीसमोर मुलं-मुली दाटीनं उभी होती. एकेक कलम वाचलं जात होतं तसे त्यांचे चेहरे उतरत गेले.

या मुलामुलींनी कुठलाही गुन्हा केलेला नव्हता. संघात त्या वर्षी खेळणाऱ्या खेळाडूंनीही केलेला नव्हता. आपल्याकडे म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला सुळी. या चाहत्यांची तक्रार नेमकी तीच होती. ती तक्रार कितपत खरी होती आणि ती करता करता कोणती गोष्ट नजरेआड झाली, हे आज समजून घेऊ.

आधी थोडं त्या खेळाविषयी. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपण ओळखतो तो पायानं खेळायचा खेळ नव्हे. लांबट अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड कवच आणि धडका देत पुढे सरकायचं, असा तो खेळ. त्याचे व्यावसायिक संघ आहेतच. पण विद्यापीठांच्या संघांना तिथं जे प्रेम मिळतं, त्याची कल्पना आपल्याला सहज येत नाही. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला किती लोक जातात? पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाख सहा हजारांहून अधिक लोक बसतात. म्हणजे आपलं वानखेडे तीनदा भरेल, एवढे. आणि स्टेट कॉलेज हे काही महानगर नाही. डोंगररांगांमधलं, विद्यापीठाभोवती वाढलेलं ते एक लहान शहर आहे. सामन्याच्या शनिवारी स्टेडियमची लोकसंख्या गावाच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त असते.

ही माणसं कोण असतात? शिकत असलेले विद्यार्थी, वीस-तीस वर्षांपूर्वी शिकून गेलेले माजी विद्यार्थी, त्यांची मुलंबाळं, आणि विद्यापीठाची पायरीही न चढलेले आसपासचे शेतकरी, दुकानदार, कामगार. स्टेडियमच्या एका बाजूनं आरोळी उठते, ‘वुई आर’, म्हणजे ‘आम्ही आहोत’. आणि समोरच्या बाजूनं उत्तर येतं, ‘पेन स्टेट’. लाखभर लोक एका सुरात ‘आम्ही’ म्हणतात. त्यांच्यासाठी संघ जिंकला की ‘आम्ही’ जिंकलो, आणि हरला की ‘आम्ही’ हरलो. पुढे जे घडलं ते समजायला हा ‘आम्ही’ लक्षात ठेवायला हवा.

या ‘आम्ही’च्या केंद्रस्थानी एक माणूस होता. त्याचं नाव जो पॅटर्नो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हा तरुण १९५० साली साहाय्यक प्रशिक्षक म्हणून पेन स्टेटमध्ये आला, १९६६ साली मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०११ पर्यंत त्याच जागी राहिला. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, वर दुमडलेली पँट आणि काळे बूट हा त्यांचा वेश घराघरांत ओळखीचा होता. त्यांच्या कारकिर्दीत संघानं १९८२ आणि १९८६ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. पण त्यांची कीर्ती केवळ विजयांवर नव्हती. इतर विद्यापीठांत खेळाडू नावापुरते वर्गात बसत असताना, आमची मुलं शिकतील, पदवी घेतील आणि मग जिंकतील, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं विद्यापीठाला चाळीस लाख डॉलरहून अधिक देणगी दिली. फुटबॉल प्रशिक्षकाचं नाव ग्रंथालयाच्या इमारतीला दिलेलं क्वचितच दिसतं. पेन स्टेटमध्ये ते आहे. पैशाच्या आणि लबाडीच्या प्रकरणांत एकामागून एक विद्यापीठं अडकत असताना पेन स्टेटचे लोक मान ताठ ठेवून सांगत, आमच्याकडे तसलं काही चालत नाही.

आणि मग ५ नोव्हेंबर २०११ उजाडला. पॅटर्नोंचे अनेक वर्षांचे साहाय्यक जेरी सँडस्की यांना त्या दिवशी अटक झाली. आरोप लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा होता. सँडस्की १९९९ साली निवृत्त झाले होते, पण विद्यापीठाच्या व्यायामशाळेत आणि स्नानगृहात त्यांना मुक्त प्रवेश होता. गरजू मुलांसाठी त्यांनी १९७७ साली एक सेवाभावी संस्था काढली होती. ज्या मुलांना घरचा आधार नाही, अशीच मुलं तिथं येत. फुटबॉलच्या सामन्याला नेणं, खेळाडूंची भेट घालून देणं, जर्सी भेट देणं, या आमिषांनी मुलं जवळ येत. ज्या खेळावर सारं गाव प्रेम करत होतं, त्याच खेळाचं जाळं करून मुलं पकडली जात होती.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे काही माणसांना याची कुणकुण होती. १९९८ साली एका आईनं तक्रार केली होती. तिची चौकशी झाली, पण खटला उभा राहिला नाही. २००१ साली एका तरुण साहाय्यकानं स्नानगृहात सँडस्कींना एका मुलाबरोबर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नोंच्या घरी जाऊन सांगितलं. पॅटर्नोंनी ते आपल्या वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांनी पोलिसांना कळवलं नाही. पॅटर्नोंनीही पुढे पाठपुरावा केला नाही. त्यानंतर दहा वर्षं गेली.

अटकेनंतर चारच दिवसांनी, ९ नोव्हेंबरच्या रात्री, विद्यापीठाच्या विश्वस्तांनी अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांना पायउतार केलं आणि पॅटर्नोंना दूरध्वनीवरून बडतर्फ केलं. पॅटर्नो तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. ही बातमी पसरली आणि हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले. दिव्याचे खांब वाकवले गेले, वृत्तवाहिनीची एक गाडी उलटवली गेली, पोलिसांना जमाव पांगवावा लागला. मुलांवरच्या अत्याचाराची बातमी येऊन पाच दिवस होत नाहीत तोच प्रशिक्षकाच्या नोकरीसाठी दंगल, हे दृश्य साऱ्या अमेरिकेनं पाहिलं आणि पेन स्टेटच्या चाहत्यांविषयीचं मत त्या रात्री पक्कं झालं.

पण त्याच आठवड्यात याच गावात आणखीही काही घडलं. ११ नोव्हेंबरच्या रात्री विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर हजारो विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन जमले, पीडित मुलांसाठी. दुसऱ्या दिवशी नेब्रास्का विद्यापीठाशी सामना होता. बालअत्याचाराच्या विरोधाचा रंग निळा मानतात, म्हणून प्रेक्षक निळे कपडे घालून आले. खेळ सुरू होण्याआधी दोन्ही संघांचे खेळाडू मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून बसले आणि भरलेलं स्टेडियम काही क्षण नि:शब्द झालं. माजी विद्यार्थ्यांच्या एका गटानं लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकरता निधी उभारला. तो पुढे पाच लाख डॉलरच्या वर गेला. दंगल करणारे आणि मेणबत्त्या लावणारे, दोघेही त्याच संघाचे चाहते होते. काही जण दोन्हीकडे असण्याचीही शक्यता आहे.

२२ जानेवारी २०१२ रोजी पॅटर्नो फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. जून महिन्यात सँडस्की पंचेचाळीस आरोपांत दोषी ठरले. पुढे त्यांना किमान तीस वर्षं आणि कमाल साठ वर्षं तुरुंगवासाची शिक्षा झाली. विद्यापीठानंच नेमलेल्या चौकशीचा अहवाल १२ जुलै रोजी आला. एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री हे चौकशीचे प्रमुख होते. अध्यक्ष, क्रीडासंचालक, एक उपाध्यक्ष आणि पॅटर्नो या चौघांनी प्रकरण दडपलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. पॅटर्नो कुटुंबानं तो कधीच मान्य केला नाही आणि पुढे स्वत:चा अहवाल प्रसिद्ध केला. मात्र अहवाल आल्यावर दहा दिवसांत पुतळा गेला आणि अकराव्या दिवशी शिक्षा आली.

शिक्षा काय होती? सहा कोटी डॉलर दंड, म्हणजे साधारण संघाच्या एका वर्षाच्या उत्पन्नाइतका. हा पैसा बालअत्याचार रोखण्याच्या कामाला जायचा होता. दुसरं कलम म्हणजे चार वर्षं हंगामोत्तर सामन्यांत खेळायची बंदी. हंगामाच्या अखेरीस चांगल्या संघांना ‘बाउल’ नावाच्या मानाच्या सामन्यांचं निमंत्रण मिळतं, ते बंद. तिसरं, शिष्यवृत्त्यांत कपात. एका संघाला एकूण ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे. ती मर्यादा पेन स्टेटसाठी चार वर्षं ६५ वर आणायची. बाहेरच्या माणसाला हे कलम किरकोळ वाटेल, पण खरा घाव इथंच होता. वीस खेळाडू कमी म्हणजे राखीव फळीच नाही, आणि अशा संघात गुणी मुलगा कशाला येईल? चौथं, संघातल्या कुणाही खेळाडूला लगेच दुसऱ्या विद्यापीठात जाऊन खेळायची मुभा. आणि पाचवं, १९९८ पासून २०११ पर्यंतचे सगळे विजय रद्द. पॅटर्नोंच्या नावावर ४०९ विजय होते. अटकसत्राच्या आदल्याच शनिवारी त्यांनी ४०९ वा विजय मिळवून विक्रम केला होता. ते आता २९८ झाले.

ही शिक्षा किती कठोर होती, हे कळायला आणखी एका विद्यापीठाची गोष्ट सांगावी लागेल. टेक्सासमधल्या डॅलस शहरात सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी आहे. ऐंशीच्या दशकात तिचा संघ देशातल्या बलाढ्य संघांपैकी एक होता. खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे पैसे द्यायला त्या काळी सक्त मनाई होती. (हे चित्र २०२१ नंतर पार बदललं, आता खेळाडू उघडपणे कमाई करतात.) तरी तिथले धनिक हितचिंतक गुपचूप पैसे देत होते. आधीच्या शिक्षेनंतरही तेरा खेळाडूंना सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेल्याचं उघड झालं. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख राहिलेले आणि पुढे राज्याचे गव्हर्नर झालेले बिल क्लेमंट्स यांना ते ठाऊक होतं. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएनं त्या वर्षीचा अख्खा हंगामच रद्द केला. याला तिथं ‘डेथ पेनल्टी’, म्हणजे मृत्युदंड म्हणतात. पुढच्या वर्षीही संघ उभा करता आला नाही. १९८९ साली नवख्या पोरांना घेऊन संघ मैदानात आला तेव्हा ह्यूस्टननं त्यांचा ९५-२१ असा धुव्वा उडवला. पुढचा बाउल सामना खेळायला त्यांना २००९ साल उजाडलं. दंड दोन वर्षांचा आणि परिणाम वीस वर्षांचा! तो परिणाम भोगला तो पैसे वाटणाऱ्या धनिकांनी नव्हे, तर नंतर आलेल्या विद्यार्थ्यांनी आणि रिकाम्या बाकांवर बसलेल्या निष्ठावान प्रेक्षकांनी.

पेन स्टेटला हीच भीती घालण्यात आली होती. शिक्षा निमूट स्वीकारली नाही तर अनेक वर्षांचा मृत्युदंड होऊ शकतो, असं कळल्यामुळेच आपण सही केली, असं नवे अध्यक्ष रॉडनी एरिक्सन यांनी सांगितलं. एरवी एनसीएएची स्वत:ची चौकशी महिनोन्महिने चालते, समितीपुढे सुनावणी होते, अपील करता येतं. इथं यांतलं काहीच झालं नाही.

चाहत्यांची प्रतिक्रिया एकसुरी नव्हती. काहींचा राग प्रक्रियेवर होता. सुनावणी नाही, अपील नाही, आणि गुन्हा खेळाच्या नियमांतला नसून फौजदारी कायद्यातला, मग एनसीएएचा संबंध काय, असं ते विचारत. काहींचा राग विश्वस्तांवर होता, की यांनी लढायच्या आधीच शस्त्रं खाली टाकली. सगळ्यात जास्त लोकांचं म्हणणं साधं होतं. दोषी माणूस तुरुंगात आहे, ज्यांनी झाकलं ते नोकरीवरून गेले, पॅटर्नो वारले; आता शिक्षा नेमकी कुणाला? १९९८ साली ज्यांचा जेमतेम बालवाडीत प्रवेश झाला होता, त्या खेळाडूंना? शनिवारच्या गर्दीवर पोट असलेल्या खाणावळी आणि लॉज चालवणाऱ्यांना? सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे त्यांना मान्य नव्हतं. दुसऱ्या बाजूला, शिक्षा योग्यच आहे, उलट एक वर्ष संघ बंद ठेवून सगळ्यांनीच अंतर्मुख व्हायला हवं होतं, असं म्हणणारेही पेन स्टेटचेच माजी विद्यार्थी होते. त्यांचा आवाज लहान होता, एवढंच.

या तक्रारींत तथ्य होतं, हे आता मान्य करायला हरकत नाही. एका खटल्याच्या निमित्तानं २०१४ साली एनसीएएच्या अधिकाऱ्यांचे आपसातले ईमेल उघड झाले. एवढी शिक्षा द्यायचा आपल्याला अधिकार आहे का, अशी शंका त्यांनाच होती.

खेळाडूंनी या काळात जे केलं ते मात्र मोठ्यांना शिकवणारं होतं. परवानगी असल्यामुळे काही जण दुसरीकडे गेले. हुकमी धावपटू सायलस रेड कॅलिफोर्नियात गेला. पण मायकेल मॉटी आणि मायकेल झॉर्डिच या ज्येष्ठ खेळाडूंनी सहकाऱ्यांना मागे घेऊन पत्रकारांसमोर जाहीर केलं, आम्ही इथंच राहणार. पेन स्टेटच्या जर्सीवर खेळाडूचं नाव लिहायची कधी पद्धत नव्हती. नवे प्रशिक्षक बिल ओब्रायन यांनी त्या वर्षी नावं छापून घेतली, राहिलेल्यांची ओळख जगाला व्हावी म्हणून. शिरस्त्राणावर पीडित मुलांसाठी निळी फीत होती. पहिले दोन सामने हरल्यावर या संघानं आठ विजय मिळवले आणि हंगाम ८-४ असा संपवला. स्टेडियममध्ये दर सामन्याला सरासरी नव्वद हजारांहून अधिक लोक येत राहिले. सामन्याच्या आधी तंबू ठोकून रांगेत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वस्तीचं नाव ‘पॅटर्नोव्हिल’ होतं. ते विद्यार्थ्यांनीच बदलून ‘निटनीव्हिल’ केलं.

याउलट एका कलमानं चाहत्यांचं लक्ष भलतीकडे नेलं, ते म्हणजे रद्द केलेले विजय. दंडाचा पैसा मुलांच्या कामी येणार होता. बाउलबंदीनं विद्यापीठाला खेळापेक्षा मोठं काही असतं याची आठवण राहिली असती. पण जिंकलेला सामना जिंकला नव्हता असं जाहीर करून कोणत्या मुलाला न्याय मिळाला? ज्यांनी तो सामना पाहिला होता, त्यांच्या दृष्टीनं हा डोळ्यांदेखत केलेला खोटेपणा होता. झालं असं, की ४०९ हा आकडा झेंडा बनला. तो टी-शर्टवर आला, मोटारींच्या मागच्या काचांवर आला. जी चर्चा व्हायला हवी होती मुलांच्या सुरक्षिततेची, ती होऊ लागली एका आकड्याची. शिक्षा देणाऱ्यांनी खेळाच्या भाषेत शिक्षा दिली. चाहत्यांनी खेळाच्याच भाषेत उत्तर दिलं.

पुढे शिक्षा टप्प्याटप्प्यानं सैल झाली. विद्यापीठाच्या सुधारणांवर देखरेख करण्यासाठी माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांना नेमलं होतं. त्यांचे अहवाल चांगले आले आणि ८ सप्टेंबर २०१४ रोजी बाउलबंदी उठली, शिष्यवृत्त्या परत मिळाल्या. त्या संध्याकाळी हजारो विद्यार्थी जल्लोष करत रस्त्यावर आले. जानेवारी २०१५ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनुसार विजयही परत मिळाले आणि पॅटर्नोंच्या नावापुढे पुन्हा ४०९ लागलं. विद्यापीठाच्या आइस हॉकी संघानं शिरस्त्राणांवर ४०९ ची चिकटपट्टी लावून आनंद साजरा केला. सहा कोटी डॉलर पेनसिल्व्हेनिया राज्यातच बालअत्याचाराविरुद्धच्या कामासाठी राहिले.

सगळं संपलं, असं अनेकांना वाटलं. पण कुणासाठी? ज्याच्या जबानीपासून पोलिसांचा तपास सुरू झाला, तो मुलगा २०११ साली शाळेत शिकत होता. पॅटर्नोंना घालवलं ते यानंच, असं म्हणून त्याला इतका त्रास झाला की त्याला ती शाळा सोडावी लागली. दहा मुलांच्या बाबतीतले आरोप खटल्यात होते. त्यांतल्या आठ जणांनी तरुण वयात न्यायालयात उभं राहून आपली कहाणी सांगितली. नंतर आणखी बरेच जण पुढे आले आणि विद्यापीठानं भरपाईपोटी दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. यांतली अनेक मुलं त्याच परिसरातली. त्यांनी ४०९ च्या चिकटपट्ट्या रोज पाहिल्या असतील. विजयाचा आकडा परत मिळाल्याचा जल्लोष त्यांच्या कानांवर कसा पडला असेल?

चाहत्यांच्या प्रतिक्रियेतली खरी अडचण इथं आहे. ‘आम्हाला का शिक्षा?’ हा प्रश्न अन्यायाचा नव्हता. पण तो एवढ्या मोठ्यानं विचारला गेला की ‘त्या मुलांचं काय झालं?’ हा आधीचा प्रश्न ऐकू येईना. जिंकताना ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांना चूक झाल्यावर ‘ते’ म्हणावंसं वाटतं, हे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. मात्र काही चाहत्यांनी दोन्ही प्रश्न एकाच वेळी मनात धरले. शिक्षा अन्यायाची आहे असं म्हणत असतानाच ते पीडितांसाठी पैसे गोळा करत राहिले. २०१६ साली पॅटर्नोंच्या पहिल्या सामन्याला पन्नास वर्षं झाली म्हणून विद्यापीठानं मैदानावर गौरवाचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा त्याला जाहीर विरोध केला तो तिथल्या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्रानं. संघावर त्यांचं प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल?

न्यायालयांनीही जबाबदारी ठरवायचं काम सोडलं नाही. माजी क्रीडासंचालक टिम कर्ली आणि माजी उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांनी मुलांची सुरक्षितता धोक्यात आणल्याचा गुन्हा २०१७ साली कबूल केला. माजी अध्यक्ष स्पॅनियर त्याच वर्षी दोषी ठरले आणि अपिलांच्या फेऱ्या संपल्यावर २०२१ मध्ये तुरुंगात गेले. माणसांना माणसांची शिक्षा मिळायला संघाच्या शिक्षेपेक्षा जास्त वेळ लागला.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. २०१५ साली न्यायमूर्ती लोढा समितीनं सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स या आयपीएल संघांना दोन वर्षं निलंबित केलं. दोष संघाशी संबंधित माणसांचा होता, मैदानावर खेळणाऱ्या बहुतेकांचा नव्हता आणि प्रेक्षकांचा तर नव्हताच. २०१८ साली चेन्नईचा संघ परतला. त्या वर्षी कावेरीच्या आंदोलनामुळे त्यांचे घरचे सामने पुण्याला हलवावे लागले, तेव्हा चेन्नईचे चाहते खास रेल्वेगाडीनं पुण्यात आले आणि गहुंज्याचं मैदान त्यांनी पिवळं करून सोडलं. शिक्षेनं चाहत्याचं प्रेम सहसा कमी होत नाही, उलट घट्ट होतं. पण तिथं प्रश्न पैशाचा होता. जिथं प्रश्न मुलांचा असतो, तिथं या घट्ट प्रेमाचीच भीती वाटायला लागते.

कारण अशी जागा केवळ अमेरिकेत नसते. एखादा क्रीडा प्रशिक्षक, एखादी नावाजलेली शाळा, एखादा आश्रम, जिथं लोकांची निष्ठा असते, तिथं ‘आपल्या संस्थेचं नाव खराब होईल’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. आपल्याकडे १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे पेन स्टेटच्या शिक्षेनंतर चारच महिन्यांनी, बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा अमलात आला. त्याच्या १९ व्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं हे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमात शिक्षा आहे, आणि तो संस्थेचा प्रमुख असेल तर ती अधिक आहे. आपल्या वरिष्ठाच्या कानावर घातलं, माझं काम संपलं, असं म्हणून चालत नाही. पॅटर्नोंनी नेमकं तेवढंच केलं होतं. आपण आणखी करायला हवं होतं, असं त्यांनी बडतर्फीच्या दिवशीच्या निवेदनात स्वत:च म्हटलं.

आता शेवटची गोष्ट. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात ज्या दोन विद्यापीठांच्या शिक्षांची सर्वांत जास्त चर्चा झाली, ते सदर्न मेथडिस्ट आणि पेन स्टेटचे संघ २१ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीत समोरासमोर आले. सामना बीव्हर स्टेडियममध्येच होता. पेन स्टेटनं तो ३८-१० असा जिंकला. लाखभर लोक कडाक्याच्या थंडीत तीच जुनी आरोळी देत होते. दोन्ही संघ शिक्षेतून बाहेर पडले, चाहतेही पडले. पुतळा काही परत उभा राहिलेला नाही. आणि ज्या मुलांपासून हे सगळं सुरू झालं, ती आता तिशी-चाळिशीची माणसं आहेत. शनिवारी सामना असला की त्यांच्याही घरी दूरचित्रवाणीवर तीच आरोळी ऐकू येत असेल. त्या ‘आम्ही’मध्ये आपणही आहोत असं त्यांना वाटतं का, हे त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांवर अवलंबून आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)